मझार सोनं

मे महिन्यात दुपारी दोन वाजता
जळगावच्या सराफ्यात कुत्रंही फिरत नाही.
तेव्हा भुसावळहून फादर लिओनार्ड आले,
केळीच्या वेफर्सच्या पिशवीत
टॉवेलात गुंडाळलेला पेला घेऊन.

पेला चांदीचा. आतून सोन्याचा मुलामा,
तळाशी उडालेला.
ओठांनी नाही हो झिजत, फादर म्हणाले,
पुसायचं फडकंच सोनं खातं.

अण्णांनी डोळ्याला भिंग लावलं.
कसोटीचा दगड पुढे ओढला
आणि थांबले.
चाळीस वर्षांत लोकांची मंगळसूत्रं
न विचारता दगडावर घासणारा माझा बाप,
सुपडू विसपुते,
"घासू का?" म्हणाला.

फादरांनी मग पिशवीतून एक पुस्तक काढलं.
आठशे वर्षांपूर्वीचं काम, परमुलखातलं.
सोन्याची घरं, छपराची, खिडक्यांची,
आपल्या देव्हाऱ्याएवढी,
आणि आत देव नाही,
कुणा संताच्या बोटाचं एक पेर.

"हाडकले इतलं सोनं?"
अण्णा घरच्या बोलीत घसरले.
फादर हसले.
तेव्हाही काहींनी हेच विचारलं होतं, म्हणाले,
आणि पान उलटलं.

पुढच्या पानावर आई आणि मूल.
मागे आकाश नाही, डोंगर नाही, झाड नाही.
नुसतं सोनं.
त्या सोन्यात सावली कुठेच पडलेली नव्हती
आणि किती वाजलेत ते कळत नव्हतं.
मी हिशेबाची वही मिटून बघत राहिले.
अण्णा मात्र आईच्या डोक्यामागच्या वर्तुळावर
नख फिरवत होते.
हा राईठसा. हा बाजरीठसा. आपल्याकडे आहेत हे.
मग एका ठिपक्यावर नख अडलं.
"हा बघा, सरकलाय.
हा जेवण झाल्यावरचा ठिपका."

आजोबा पाऱ्याने मुलामा चढवायचे.
शेगडीवर पारा उडून जायचा, सोनं राहायचं.
पारा जायचा कुठे, कुणी विचारलं नाही.
शेवटी आजोबांच्या हातात चहाची बशी
आपोआप वाजायची
आणि आम्ही पोरं त्या तालावर डोलायचो.
त्या पुस्तकात पाऱ्याबद्दल काही असेल
तर ते इंग्रजीत होतं.

आता टाकी आहे, तारा आहेत, बटण आहे.
पेला सबंध बुडवू, अण्णांनी विचारलं,
बाहेरूनही झळकेल?
फादर नको म्हणाले. फक्त आतून.
अण्णा बराच वेळ गप्प.
मग स्वतःशीच, जणू नवा धडा पाठ करावा तसे:
"भाईर चांदी.
मझार सोनं जोयजे."
दुकानात आम्ही उलटंच विकतो.

पेला घासला त्या दिवशीचा केर
अण्णांनी वेगळ्या पुडीत बांधला.
सकाळी झारेकरीण केवळबाई आली
झाडू, ब्रश, घमेलं घेऊन.
बाकीचा केर ने, ही पुडी राहू दे.
"का बरं?"
देवाची आहे.
"कोनता देवना?"
अण्णांना सांगता येईना.
केवळबाई उंबऱ्याशी वाट बघत थांबली,
मग म्हणाली,
"नालीमा समदं एकच व्हई जास, शेठ,"
आणि रस्त्यावर उकिडवी बसून
दोन फरशांमधली फट
दात घासावेत तशी घासू लागली.

दुपारी तिच्या घमेल्यात डोकावले.
गढूळ पाणी. ती ते गोल गोल फिरवत होती,
माती काठाकडे पळत होती,
आणि तळाशी, अगदी मधोमध,
तीळ म्हणावा तर तिळाहून लहान
काहीतरी थांबलं होतं.
तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

पुडी अजून तिजोरीत आहे,
कुणाच्या खात्यावर टाकायची ते ठरत नाही.

पावती मीच लिहिली.
सोनं तीनशे ऐंशी मिलिग्रॅम.
मजुरीची जागा अण्णांनी कोरी सोडायला सांगितली.
वस्तूचं नाव?
फादरांनी एक शब्द सांगितला,
मला तो देवनागरीत नीट लिहिता आला नाही.
मी पेला लिहिलं,
आणि पुढे, हवं होतं म्हणून नाही,
जागा उरली होती म्हणून,
आतून.